डावीकडचं आभाळ

४ फेब्रुवारी

निवृत्त झाल्यापासून लिहून ठेवावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं. आईवर सिनेमा निघतोय.

सकाळी तिघंजण आले. पुढे दिग्दर्शक. त्याचं नाव मी ऐकलं आणि लगेच विसरले, कारण माझी सगळी नजर त्याच्या दाढीवर. या वहीत तो दाढीच. मला म्हणाला, "काकू, तुमच्या आई म्हणजे इतिहासातलं हरवलेलं पान आहे." मी म्हटलं, हरवलेलं नाही, आत केस विंचरतंय, बसा.

आई आता शहाऐंशीची. विशीत एकटीने विमान उडवणारी इथली पहिली बाई. तेव्हाचं ते दोन जागांचं विमान, वर छप्पर नाही, वारा थेट तोंडावर. वर्तमानपत्रांत फोटो आले, सत्कार झाले, आणि मग ऐन बहरात तिने उडणं सोडलं. का सोडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी झाले म्हणून.

आई बाहेर आली आणि तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसली. ही खुर्ची भिंतीला लागून, डाव्या अंगाला भिंत आणि सगळी माणसं उजवीकडे. तिथे चुकून पाहुणा बसला तर त्यालाही उठवते. मग चहा तिनेच ओतला. तिची जुनी खोड आहे, किटलीची चोच कपाच्या कडेला टक् करून टेकवायची आणि मगच ओतायचं. आमच्या घरात टवका न उडालेला एक कप शिल्लक नाही. मी लहानपणापासून ओरडतेय, पण ऐकेल तर ती आई कसली.

दोन तास तिने त्यांना असे काही किस्से सांगितले की दाढी चहा प्यायचा विसरला. शेवटी अट घातली, विमान पिवळंच हवं. जाता जाता दाढीने मला विचारलं, तुम्ही पहिल्यांदा विमानात बसलात तेव्हा कसं वाटलं? मी सांगितलं, बसलेच नाही कधी. त्याला ते खरंच वाटेना. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि एकदाही विमानात नाही? योग आला नाही, म्हटलं.

योग आले होते. मी आगगाडीने गेले. आईने ज्या गोष्टीवर माझ्यापायी पाणी सोडलं, ती मी चैन म्हणून करायची हे मला कधी जमलंच नाही. हे दाढीला सांगायचं काही कारण नव्हतं.

११ फेब्रुवारी

आईचं काम करणारी नटी आजपासून आमच्याकडे येणार. बघायला, म्हणाली. मला वाटलं घर बघायला. तर म्हणे आजींना बघायला. कशा बसतात, कशा उठतात, हात कुठे ठेवतात. अठ्ठावीस-तीसची पोरगी, केस मुलासारखे कापलेले, खुर्ची असून जमिनीवर बसते. मी तिला धाकटी आई म्हणायला लागले आणि तिलाही ते आवडलं.

तिची कामाची पद्धत मी कुठे पाहिली नव्हती. ती प्रश्न विचारत नाही. आई करते ते दोन पावलं मागे राहून तंतोतंत करते. आई मान वळवून बघते तेव्हा नुसती नजर फिरवत नाही, अख्खी मान फिरवते, कोंबडी फिरवते तशी. धाकटीनेही फिरवली. आईने दाराची कडी धरायच्या आधी चौकट चाचपली, हिनेही चाचपली. मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही.

दुपारी आम्ही तिघी चालायला गेलो. आई मला कायम तिच्या डाव्या बाजूने चालायला लावते. बोलायचं झालं की थांबते, पूर्ण वळते, बोलते आणि पुन्हा चालू लागते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला आम्हाला जन्म लागतो. धाकटीने मला हळूच विचारलं, "काकू, आजी मान अशी का वळवतात?" मी म्हटलं, अगं, वयाप्रमाणे मान आखडते. तिने विचारलं, कधीपासून? मी विचार केला, तर मला आठवते तेव्हापासून तशीच. मग म्हटलं, वैमानिकांना सवय असेल, चारी बाजूंना बघायची. हे उत्तर माझं मलाच पटलं.

१६ फेब्रुवारी

धाकटी आज डाव्या डोळ्यावर कापसाचा बोळा आणि वर पट्टी लावून आली. रांजणवाडी झाली म्हणाली. मी गरम शेक सांगितला. तशीच पट्टी बांधून स्वयंपाकघरात आली आणि चहा मी ओतते म्हणाली. पहिला कप बशीत, दुसरा ओट्यावर. तिसऱ्या वेळी तिने किटलीची चोच कपाला टेकवली, टक्, आणि बरोबर ओतला. मी म्हटलं, झालं, एक टवके उडवणारी होती, आता दोन झाल्या.

आई दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली. नंतर मला म्हणाली, "ही पोरगी फार बघते. तिला रोज रोज बोलावू नकोस." म्हातारपणी माणसं संशयी होतात, दुसरं काय.

२० फेब्रुवारी

संहिता आली. अख्खी वाचली. सवयीने हातात लाल पेन घेतलं होतं, सुरुवातीला खुणाही केल्या. आईच्या वेळी धावपट्टीवर गुरं चरत होती, दाढी कागदावरच्या धावपट्टीवर फुलझाडं लावून बसलाय. तिथपर्यंत मजेत होते.

मग तो प्रसंग आला. पहिलंवहिलं बाळ मांडीवर घेऊन आई खिडकीशी बसलीय. उड्डाण संघाचे अध्यक्ष घरी आलेत, बाई, विमान तुमची वाट बघतंय म्हणतात. आई बाळाकडे बघते आणि म्हणते, माझं आभाळ आता माझ्या मांडीवर आहे. वर आभाळात विमान, दुसराच कुणी उडवतोय. आईच्या डोळ्यांतून एक थेंब बाळाच्या गालावर पडतो.

त्या बाळाच्या जागी मी आहे.

मी पेन खाली ठेवलं. आजवर ही गोष्ट घरात होती, नात्यात होती, सत्कारांच्या भाषणांत होती. शाळेत मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, हिच्या आईने हिच्यासाठी केवढा त्याग केलाय, ही बघा. सगळे बघायचे आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. आता पडद्यावर देशभर दाखवणार. हे बघा ते बाळ, याच्यामुळे.

दाढीला फोन केला. हा प्रसंग काढा म्हटलं. तो म्हणाला, काकू, तोच तर सिनेमाचा प्राण आहे, तिथेच लोक रडणार. मी म्हटलं, लोकांना रडायला दुसरं काही द्या. तो फार गोड बोलला, मला हरभऱ्याच्या झाडावरही चढवून पाहिलं, पण प्रसंग काढायला काही तयार नाही.

२१ फेब्रुवारी

आज आईशी भांडले. या वयात.

मी म्हटलं, आई, तू सांगितलंस तर तो ऐकेल, तो प्रसंग काढायला सांग. ती पाव खात होती. म्हणाली, "असू दे की. बरं दिसतं ते."

मग माझा ताबाच सुटला. "कुणाला बरं दिसतं? साठ वर्षं मी या घरात तुझं विमान पाडल्यासारखी वावरतेय."

ती थांबली, पूर्ण वळली, माझ्याकडे बघत राहिली. कोण म्हणालं तू पाडलंस, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी म्हणावं लागतं का? जो तो तेच म्हणतो, आणि तू प्रत्येक वेळी मान डोलावतेस. मग तिने अगदी हळू विचारलं, "म्हणून तू कधी विमानात बसली नाहीस?"

मी भांडी घासायला घेतली. जरा जास्तच आवाज केला भांड्यांचा. आईने पाव तसाच ठेवला आणि संध्याकाळी जेवलीही नाही. मला वाईट वाटलं, पण माफी मागावीशी वाटली नाही.

२३ फेब्रुवारी

घरात दोघींच्याही तोंडाला कुलूप. आणि आज आईने स्वतः फोन करून धाकटीला बोलावून घेतलं. जिला बोलावू नकोस म्हणाली होती तिलाच. दोघी आत गेल्या, दार लावून घेतलं. मी बाहेर. बराच वेळ आईचाच आवाज येत होता, बोल कळत नव्हते, आणि मग कपांचा आवाज, टक्, थोड्या वेळाने पुन्हा टक्. आता काय चहाची तालीम?

दार उघडलं तेव्हा आईचे डोळे लाल होते. धाकटीने जाताना मला मिठी मारली. या नटमंडळींना सारखी मिठी मारायची सवय असते. केसांच्या टोपाबद्दल बोलत होतो, असं आईने मला सांगितलं. केसांच्या टोपाने कुणाचे डोळे लाल होत नाहीत एवढं मलाही कळतं. मला वाटतं जुन्या दिवसांच्या आठवणीने भरून आलं असेल. माझ्याशी बोलत नाही आणि तिच्याशी बोलते, याचा मला राग आला हे इथे लिहून ठेवते.

२ मार्च

मैदानावर शूटिंग. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण आईला एकटीला कसं पाठवणार? आणि विमान मलाही बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

पिवळंच आहे. कुठल्याशा संग्रहालयाने दिलंय आणि खरंखुरं उडतं. उडवणारी वैमानिक चाळिशीची, बुटकी, खणखणीत आवाजाची बाई. आईला बघून ती सावधानमध्ये उभी राहिली. आईने विमानाच्या पंखावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. मग टिचकी मारून कापड ताणलेलं आहे का ते पाहिलं, आणि वैमानिकबाईंना दोन सूचना केल्या. त्यांनी मुकाट्याने ऐकल्या.

मग विमान वर गेलं. आई मान वर करून, वळवून वळवून बघत होती. गंमत म्हणजे ते उतरायला लागलं तेव्हा तिने डोळे मिटले. चाकं जमिनीला लागली, आवाज आला, तेव्हा "टेकलं" म्हणाली आणि उघडले. मी विचारलं, बघितलं का नाहीस? तिला उतरणं बघवत नाही म्हणाली. अजूनही उडायची इतकी ओढ असेल बिचारीला, आणि मी तिच्याशी भांडून बसले.

६ मार्च

सगळं आजच्या आज लिहायला हवं.

आज तो प्रसंग होता. स्टुडिओत घर उभं केलेलं, खिडकी, पाळणा, चहाचं टेबल. माझ्या भूमिकेत एक टक्कल असलेलं लठ्ठ बाळ होतं. सगळे त्याला लाडाने घेत होते आणि ते माझ्याकडे बघून रडलं. मी कोपऱ्यात आईच्या डाव्या बाजूला बसले होते, नेहमीसारखी. प्रसंग पहिल्यांदा लिहिल्याप्रमाणे झाला. थेंबसुद्धा पडला. लोकांनी नाकं पुसली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दाढी म्हणाला, अजून एकदा घेऊ. धाकटीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, हो अशी. मला वाटलं, शाबासकी दिली.

या वेळी अध्यक्ष बसले, धाकटीने त्यांना चहा ओतायला घेतला आणि किटली कपाच्या बाहेर. चहा टेबलावर पसरला. ती गडबडली नाही. तिने चोच कपाला टेकवली, टक्, आणि ओतला. बाळ डाव्या हातावर होतं. त्याच्याकडे बघायला तिने अख्खी मान वळवली. अध्यक्ष म्हणाले, विमान तुमची वाट बघतंय. ती काही बोललीच नाही. नुसती सांडलेल्या चहाकडे बघत राहिली.

दाढी ओरडला, कट, हे काय चाललंय, संवाद कुठे गेला? मी मात्र उभी राहिले होते. तो टक् आवाज मी जन्मभर ऐकला होता, पण आज पहिल्यांदा तो मला समजला.

आई खुर्चीतूनच बोलली, आणि तिचा आवाज सगळीकडे गेला. "तिचं बरोबर आहे. मला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. म्हणून सुटलं. या पोरीमुळे नाही." आणि हात माझ्याकडे केला. एकसष्ट वर्षांची पोरगी. सगळा स्टुडिओ माझ्याकडे बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अंगठ्याकडे पाहिलं नाही.

पण तिथे थांबलेही नाही. कपड्यांच्या गाडीत जाऊन बसले. मला आनंद व्हायला हवा होता, झाला राग. थोड्या वेळाने दाराशी चाचपल्याचा आवाज आला. आई एकटी, भिंतीला हात लावत आली होती. धापा टाकत माझ्यासमोर बसली, आणि तिथे टांगलेल्या कोटांमध्ये तिने सगळं सांगितलं.

उडताना चष्म्यावर तेल उडालं होतं, म्हणून तिने तो कपाळावर सरकवला, आणि कसलीशी कच डाव्या डोळ्यात गेली. डोळा वरून धडधाकट राहिला, दिसणं गेलं. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तपासणीच्या वेळी तक्त्यावरची अक्षरं आधीच पाठ करून जायची आणि घडाघडा म्हणून दाखवायची. वर असताना अडचण नव्हती. उतरताना मात्र जमीन नेमकी किती खाली आहे ते कळेना. एका संध्याकाळी तिला वाटलं अजून खाली आहे, आणि ती आलेली होती. चाक मोडलं. ती कशीबशी चालत बाहेर आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं की तिला दिवस गेलेत. अध्यक्षांनी भाषण केलं, मातृत्वासाठी त्याग वगैरे, पेपरात छापून आलं.

"त्यांनी कारण हातात आणून ठेवलं, मी घेतलं," आई म्हणाली. "चांगलं दिसत होतं. तुझ्या बाबांना ठाऊक होतं. तुला सांगायचं तर तू लहान होतीस, मग मोठी झालीस, मग राहूनच गेलं. तुझ्या मनात असं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही गं."

मी म्हटलं, म्हणजे चाक मोडल्यावर तू सोडायचं ठरवलंच होतंस. माझा काही संबंधच नव्हता.

"ठरवलं तर त्याआधीही दोनदा होतं. आणि दोन्ही वेळा पुन्हा गेले होते. तू पोटात नसतीस तर तिसऱ्यांदाही गेले असते, आणि मग उतरले नसते."

मी तिचा हात हातात घेतला. तिची बोटं गार होती. मला खूप रडू आलं आणि मी रडले. आई मला थोपटत होती, पण अंदाज चुकून माझ्या खांद्याऐवजी शेजारच्या कोटाला थोपटत होती. मग आम्हाला दोघींनाही हसू फुटलं.

८ मार्च

राग पूर्ण गेला असं नाही. मधूनच उसळतो. सकाळी दात घासताना आठवलं की शाळेच्या एका परिषदेला मी आगगाडीने गेले आणि पोचले तेव्हा ती संपत आली होती. कुणी न दिलेली शिक्षा भोगत बसले. मग आईला जरा तिखट बोलले. तिने निमूट ऐकून घेतलं.

दुपारी चालायला गेलो. सवयीने तिच्या डाव्या बाजूला गेले, आणि रस्त्यातच लक्षात आलं. जिकडून गाडी आली तरी तिला दिसणार नाही, त्या बाजूला तिने कायम मला ठेवलं आहे. मी तिचा दंड जरा घट्ट धरला. आई म्हणाली, अगं, मोडशील हात.

१० मार्च

दाढी आला होता, दाढी न विंचरताच. निर्माते म्हणतात, मायेचा प्रसंग गेला तर बायका रडणार कशावर? त्याला स्वतःला नवीन प्रसंग हवाय, पण त्यात आईने अक्षरं पाठ करून तपासणीत फसवलं हेही येणार. आईची इच्छा नसेल तर जुनंच ठेवू, असं म्हणाला.

आई खिडकीकडे बघत होती. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. पहिली बाई, आणि तीही लबाड, असं लोक म्हणतील. या वयात ती फुलं, ते सत्कार, सगळ्यावर डाग. ती म्हणाली, "हिला ठरवू दे. इतकी वर्षं माझं नाव हिच्या जिवावर चांगलं राहिलं."

खरं लिहिते, क्षणभर वाटलं, राहू दे जुनं. मला आता खरं ठाऊक आहे, तेवढं पुरे. म्हातारीला कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं? पण मग ते लठ्ठ बाळ आठवलं. आणि ती अक्षरं पाठ करणारी पंचविशीतली पोरगी.

मी दाढीला म्हटलं, अजून चार दिवस उडायला मिळावं म्हणून जी अक्षरं पाठ करते, तिच्यावर लोक नाही रडले तर माझ्याकडे पाठवा त्यांना. खरंच घ्या. सगळं घ्या, लबाडीसकट.

दाढीने भराभरा काहीतरी टिपून घेतलं. आईने माझ्याकडे पूर्ण मान वळवली. "मास्तरीणबाई, पास केलंत की नापास?"

"पास. काठावर," मी म्हटलं.

१५ मार्च

विमान उद्या परत जाणार. शेवटचं दृश्य झालं, माणसं सामान आवरत होती. वैमानिकबाई आईकडे आल्या आणि म्हणाल्या, आज वारा शांत आहे, एक फेरी मारू या, तुमची जागा मोकळी आहे. मला वाटलं आई उडीच मारेल. तिने गुडघ्यांकडे बोट दाखवलं. या पायऱ्या आता या पायांना झेपायच्या नाहीत म्हणाली. आणि मग, हिला न्या.

मी म्हटलं, मला कशाला, माझं काय काम, चष्मा उडेल, रक्तदाब आहे. कुणी ऐकलं नाही. धाकटीने स्वतःचा कातडी कोट काढून माझ्या अंगावर चढवला. आईने टोपीचा पट्टा माझ्या हनुवटीखाली बांधला. बक्कल तिला दोनदा सापडलं नाही. मी मदत केली नाही, तिसऱ्यांदा तिचं तिने लावलं.

"उजवीकडचं मला सगळं पाठ आहे," ती म्हणाली. "डोळा गेल्यावर डावीकडचं राहूनच गेलं. तू नीट बघून ये."

सांगायला हरकत नाही, विमान धावायला लागलं तेव्हा मी "आई गं" म्हणून ओरडले. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल. मग खडखड थांबली आणि खाली काहीच उरलं नाही. थोडा वेळ मी फक्त माझे गुडघे बघत होते. मग आठवलं की मला काम दिलेलं आहे, आणि डावीकडे मान वळवली.

उतरलो तेव्हा आई धावपट्टीच्या कडेला उभी होती, धाकटीचा हात धरून. धाकटीने नंतर सांगितलं, या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

घरी आल्यावर मी आईच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसले, तिला माझं तोंड दिसावं म्हणून. डावीकडचं सगळं सांगितलं. नदी आहे. मी फळ्यावर ती जन्मभर जेवढी वळवत आले त्याहून कितीतरी कमी वळते, हजारो पोरांना मी चुकीची नदी शिकवली. तिच्या अलीकडे दगडाची खाण, पाण्याने भरलेली, आणि पाणी अगदी हिरवं. एका गच्चीवर चादरी वाळत होत्या, त्या आवरणाऱ्या बाईने मान वर करून हात हलवला. मीही हलवला, पट्ट्यात अडकला होता तरी. आमच्या विमानाची सावली शेतांवरून पळत होती, कुंपणांना न अडता. माझ्या शाळेचं छप्पर दिसलं, त्यावर एक चेंडू पडलेला आहे.

आईने विचारलं, नदीच्या पलीकडे काय होतं? मी म्हटलं, शेतं, मग झाडांची रांग, मग धूसर होत गेलेलं.

"म्हणजे तिकडेही होतंच सगळं," ती म्हणाली. मग कप पुढे सरकवला आणि म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून सांग. सावकाश."

मी किटली उचलली, चोच तिच्या कपाच्या कडेला टेकवली, टक्, चहा ओतला, आणि पुन्हा नदीपासून सुरुवात केली.